चोवीस डबे, तीन शहाणे

अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्टेशनांच्या मध्ये साधारण साडेसात किलोमीटरची पोकळी आहे. चिखलोली त्या पोकळीत वसलेलं. लोकल डोळ्यांसमोरून जाते, पण थांबत नाही. चिखलोली स्टेशन मंजूर झालं, कामही निघालं, तरी ते सुरू होईपर्यंत इथल्या माणसाला कुठलीही गाडी पकडायची तर आधी शेअर रिक्षा पकडावी लागते. आणि स्टेशनला न जाता उलट्या बाजूला, आनंदनगर एमआयडीसीकडे जायचं असेल तर रिक्षावाला आधी तुमच्याकडे बघतो, मग आभाळाकडे, आणि मग भाडं सांगतो.

गोष्टीतल्या काकूंना रोज तिकडेच जायचं होतं. कारखान्यांत एकटे राहून काम करणाऱ्या पोरांना त्या दुपारचा डबा पोचवत. चार पोळ्या, भाजी, वरण, भात, बुधवारी उसळ. एकूण 24 डबे. पोचवायचं काम मुलाचं होतं. त्याला चाकणला नोकरी लागली, तो गेला आणि त्याच्याबरोबर स्कूटरही गेली. काकूंनी दोन दिवस रिक्षा करून पाहिली. हिशेब मांडल्यावर कळलं की भाजी आपली, गॅस आपला, मेहनत आपली आणि नफा रिक्षावाल्याचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मी सायकल घेणार."

सायकल घेणार म्हटलं की सल्ले फुकट येतात. काकूंकडे तीन आले.

पहिला सल्ला बहिणीच्या मुलाचा. तो मुंबईत कॉलेजात शिकतो आणि त्याच्याकडे फिक्सी आहे. फिक्सी म्हणजे मागच्या चाकात फ्रीव्हील नसलेली सायकल. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, उतारावरसुद्धा. पाय थांबवायचे तर चाक थांबवावं लागतं. सवय झालेला माणूस पायांच्या जोरावर वेग कमी करतो, म्हणून काही शूर मंडळी ब्रेकही काढून टाकतात. भाच्याने पुढचा ब्रेक ठेवला होता, ही त्याची समजूतदारी. "मावशी, वायर नाही, गिअर नाही, बिघडायला काही नाहीच. आणि रस्ता पायांना कळतो. खऱ्या सायकलवाल्याला गिअर लागत नाहीत."

हा अभिमान जुना आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत 1903 मध्ये सुरू झाली, पण चालत्या सायकलवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणारा गिअर तिथे वापरायला मिळाला तो 1937 मध्ये. तोवर डोंगराच्या पायथ्याशी पोचलेला स्पर्धक खाली उतरायचा, मागचं चाक काढून उलटं बसवायचा आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर साखळी चढवायचा. एवढं करूनही गिअर वापरणारा तो कच्चा, असं म्हणणारे होतेच. माणूस चढ चढण्यापेक्षा चढ कसा चढला याचा मान जास्त मोजतो, हे काही फक्त फ्रान्समध्ये होत नाही.

दुसरा सल्ला साहेबांचा. साहेब म्हणजे एका कारखान्याचे सुपरवायझर आणि काकूंचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दर रविवारी ते बारवी धरणाकडे नाहीतर मुरबाडच्या रस्त्याला सायकल काढतात. पुढे तीन चक्रं, मागे सात, म्हणजे एकवीस गिअर. "काकू, एकवीसच्या एकवीस वापरायचे नसतातच. बरेचसे एकमेकांच्या जवळजवळच येतात. पण चढाला तो सगळ्यात हलका गिअर टाकलात ना, तर तुम्ही गाणं म्हणत वर जाल."

तिसरा सल्ला नाक्यावरच्या मिस्त्रीचा. चाळीसेक वर्षं तो पंक्चर काढतोय. त्याचं म्हणणं एका ओळीचं, "वहिनी, काळा घोडा घ्या." काळा घोडा म्हणजे दूधवाल्याची असते ती जड सायकल. एकच गिअर, मागे फ्रीव्हील, सळ्यांचे ब्रेक, गोणी पेलणारं कॅरिअर. उतारावर पाय थांबवले तर सायकल आपली चालत राहते. तिचा कुठलाही भाग अंबरनाथमध्ये मिळेल, नाही मिळाला तर उल्हासनगरला मिळेल, आणि तिथेही नाही मिळाला तर तिथे बनवून देतील.

आता बोधकथेत तिघे आले की वाचक तिसऱ्याला शहाणा धरून मोकळा होतो. काकू तसं धरत नव्हत्या. त्यांनी तिघांचं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "मला सायकलीतलं काय कळतंय? तुम्ही एकेक दिवस माझे डबे पोचवून दाखवा. आपापल्या सायकलवर. जेवणाची सुट्टी साडेबाराला होते."

तिघांनाही नाही म्हणता आलं नाही. आपल्या सायकलचं कौतुक नुकतंच करून झालेलं होतं.

भाचा सोमवारी निघाला. त्याच्या सायकलला कॅरिअरच नव्हतं. बारा डबे पाठीवरच्या सॅकमध्ये गेले, उरलेले दोन पिशव्यांत भरून हँडलला डावी-उजवीकडे लटकले. सपाट रस्त्यावर तो खरंच झपझप गेला. चढही उभं राहून मारला, विशीतले गुडघे आहेत. पण चढानंतर उतार येतो. उतारावर सायकल ताशी तीस किलोमीटरवर गेली तसे पायडल मिनिटाला नव्वदच्या वर फिरू लागले, आणि त्यावर पाय, आणि हँडलवर झुलणाऱ्या दोन पिशव्या. ब्रेक दाबावा तर पिशवी चाकात येते, पाय रोखावेत तर सगळं वजन पुढे लोटतं. डबे पोचले, वेळेवर पोचले. पण सहा जणांनी त्या दिवशी वरणभात एकत्र कालवलेलाच खाल्ला आणि कालवलं कोणी, ते त्यांना कळलं नाही.

मंगळवारी साहेबांनी अर्धी रजा टाकली. पहाटेपासून पाऊस होता. त्यांनी डबे दोन खोक्यांत भरून मागे बांधले आणि चढावर शब्द खरा केला. दम न लागता वर गेले, वर गेल्यावर फोन करून तसं सांगितलंही. पुढे सपाटीला त्यांनी जड गिअर टाकला, वेग घेतला, आणि एका फाटकापाशी ट्रक मागे येत होता म्हणून अचानक थांबावं लागलं. तसली साखळी सरकायला पायडल फिरावं लागतं, उभ्या सायकलवर गिअर बदलत नाही. रविवारच्या मोकळ्या रस्त्यावर हे लक्षात येण्याचं कारण नव्हतं. इथे जड गिअरमध्ये, चोवीस किलो वजन मागे घेऊन, चिखलातून निघायचं होतं. साहेबांनी जोर लावला आणि त्याच दमात गिअरही दाबला. साखळी उतरली. ती चढवून झाली तेव्हा दोन्ही हात काळे झाले होते. त्यात प्रत्येक गेटवर सायकलला कुलूप, कारण तेवढ्या किमतीची वस्तू बाहेर सोडून आत जायला मन धजत नव्हतं. शेवटच्या गेटवरच्या पोरांना डबा मिळाला एक वाजता, झाकणावर पाचही बोटांचे ठसे उमटलेले.

बुधवारी मिस्त्री. त्याने जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी डबे कॅरिअरवर असे आवळले की भूकंपातही हलले नसते. साखळीवर पत्र्याचं कव्हर, त्यामुळे चिखलाचं भय नाही. गेटवर सायकल भिंतीला टेकवली की झालं, ती कोण नेतंय? पण चढ आला आणि मिस्त्री खाली उतरला. अख्खा चढ त्याने सायकल ढकलत नेली. त्याचं वय साठीचं. वर पोचल्यावर दहा मिनिटं दगडावर बसला, आणि पुढे उतारावर ओले ब्रेक नीट धरेनात म्हणून तोही हळूच उतरला. डब्यात एक थेंब सांडला नव्हता. उसळ मात्र गार झाली होती आणि सुट्टी संपत आली होती.

संध्याकाळी तिघे काकूंच्या दारात जमले. प्रत्येकाला दुसऱ्या दोघांच्या सायकलीत काय खोट आहे ते आता नक्की माहीत झालं होतं. काकूंनी शाळेची एक वही उघडली. तिघांना एकच प्रश्न, "पाय कुठेकुठे टेकला?" गतिरोधक, ट्रक, चढ, गेट, वॉचमनची वही, सगळं त्यांनी लिहून घेतलं. मग वही मिटून म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या तिन्ही सायकलींना मधे तो आडवा दांडा आहे. मागे कॅरिअरवर दोन फूट उंच डबे. मी साडी नेसून पाय टाकायचा कुठून?"

कुणी काही बोललं नाही. फिक्सी, गिअर, काळा घोडा यांवर तीन दिवस वाद झाला होता आणि चालवणारी बाई वादात कुठेच नव्हती. मला या गोष्टीतली ही जागा सगळ्यात आवडते. सल्ला देणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या रस्त्याचं, स्वतःच्या वयाचं आणि स्वतःच्या कपड्यांचं वर्णन करत असतो. भाच्याचा रस्ता सपाट आणि पाठ रिकामी. साहेबांचा रस्ता रविवारचा. मिस्त्रीचा रस्ता तर त्याच्या दुकानापुढे संपतो, त्यामुळे त्याला न बिघडणारी सायकल चांगली वाटते, आणि बिघडली तर त्यालाच दुरुस्त करता येणारी.

मिस्त्रीच्या दुकानामागे एक लेडीज सायकल गंजत पडली होती. सव्वीस इंची चाकं, खाली वाकलेली नळी, साखळीवर पूर्ण कव्हर, मागच्या चाकाला पदर जाऊ नये म्हणून जाळी. काकूंनी ती बाहेर काढायला लावली. साहेबांनी लगेच विचारलं, हिला गिअर बसेल का? साहेबांच्या सायकलसारखा बसणार नव्हता. साखळी इकडून तिकडे सरकायची तर कव्हर काढावं लागतं, आणि कव्हर काढलं की साडी साखळीत. चाकाच्या तुंब्यातच तीन गिअर असतात, तशी सोय इंग्लंडात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निघाली होती आणि ती उभ्या सायकलवरही बदलते. कागदावर काकूंचं उत्तर तेच. पण ते उघडून बसवणारा हात नाक्यावर नाही, आणि डबा उद्या साडेबाराला पोचायचाय.

तेव्हा मिस्त्रीने आपल्या धंद्यातली साधी गोष्ट काढली. पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 18. पायडलचा एक फेरा झाला की ही सायकल पाच मीटरच्या जरा पुढे जाते. मागे 22 दात्यांचं फ्रीव्हील टाकलं तर एका फेऱ्यात चार मीटरच्या जरा पुढेच जाईल, पण प्रत्येक फेऱ्याला पायावरचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होईल. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी अठराऐवजी पंधरा किलोमीटर. "वेग कमी होईल, वहिनी," तो म्हणाला.

"मला कुठे शर्यत आहे?" काकू म्हणाल्या. "चढ चढेल का?"

"चोवीस डबे घेऊन? कठीण आहे."

काकूंनी वही पुन्हा उघडली. तिघेही सवयीप्रमाणे जवळच्या कारखान्याकडून सुरू करत होते, कारण मुलगा स्कूटरवर तसाच जायचा. जवळचा कारखाना चढाच्या माथ्यावर होता. म्हणजे सगळे डबे घेऊन चढायचं आणि मग रिकामं होत खाली उतरायचं. स्कूटरच्या इंजिनाने या क्रमाबद्दल कधी तक्रार केली नव्हती, म्हणून तो क्रम कुणी तपासलाच नव्हता. काकूंनी पेन्सिलीने बाण उलटे केले. आधी खालच्या रस्त्याने सपाटीवरचे पंधरा डबे, मग मागच्या बाजूने चढ, नऊ डबे घेऊन. फेरी पाऊण किलोमीटरने लांबली. येताना रिकामी सायकल, आणि उतार घराच्या दिशेने.

गुरुवारी फ्रीव्हील बदलून झालं, ब्रेकचे रबर नवे पडले. मिस्त्रीने मजुरी घेतली नाही, त्याऐवजी महिनाभर उसळीच्या दिवशी डबा सांगितला. काकूंनी महिन्याचे चार बुधवार मोजले आणि हो म्हणाल्या. शुक्रवारी बारा वीसला शेवटचा डबा पोचला. चढाच्या वरच्या टोकाला शंभर पावलं त्या उतरून चालल्याच. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. वहीत त्या जागेपुढे "चालणे" असं लिहून टाकलं.

भाच्याच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आटे होते, एका बाजूला फिक्स चक्र, दुसरीकडे फ्रीव्हील. पावसाळा संपेपर्यंत त्याने चाक उलटं करून ठेवलंय, मित्रांना मात्र सांगितलेलं नाही. साहेब अजून बारवीला जातात आणि आता फाटक दिसलं की थांबायच्या आधीच गिअर हलका करतात. मिस्त्रीकडे 22 दात्यांची आणखी दोन फ्रीव्हीलं खिळ्याला टांगली आहेत, एक पाववाल्यासाठी आहे.

परवा शेजारणीने काकूंना विचारलं, स्टेशन झाल्यावर तुमचं सोपंच होईल, नाही का? काकू म्हणाल्या, सोपं कसलं? स्टेशन झालं की खालच्या रस्त्याला रिक्षांची रांग लागणार, सपाटीवरच पन्नास वेळा पाय टेकायला लागणार. वही नव्याने लिहावी लागेल. मिस्त्रीला सांगून ठेवलंय, जुनं अठराचं फ्रीव्हील भंगारात देऊ नका.