कळ्या खुडणारे पोर

श्रोते हो, गोकुळातल्या खोड्या आपण दर काल्याला ऐकतो. हंडी फुटते, दहीलाह्या सगळ्यांच्या मुखी पडतात, आपण प्रेमाने डोळे पुसतो. पण घरच्या पोराने शिंक्याला नुसता हात लावू द्या, आपला हात लगेच छडीकडे जातो! मग खोडी बरी की वाईट? याचा निवाडा आपण आपल्याच मुलखातल्या एका पोराच्या खोड्यांवरून करू.

कोकणात दापोलीजवळ पालगड हे गाव. तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी हे पोर जन्मले. नाव पांडुरंग. तेच पुढे साने गुरुजी झाले. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली आणि आपले बाळपण श्यामच्या तोंडून सांगितले. त्यात त्यांनी आपल्या खोड्या झाकल्या नाहीत. मोठेपणी आपण सारे 'आमच्या वेळी मुले कशी शहाणी होती' असे म्हणतो ना? हा माणूस तसे म्हणाला नाही.

श्याम पोहायला भिई. मुले विहिरीवर निघाली की हा घरात दडून बसे. आईने त्याला शोधून काढले, मारले आणि विहिरीवर धाडले. पोर पोहले. परत आल्यावर त्याच आईने वळांवर तेल लावले आणि तिचेही डोळे भरले. आता हा मार कोणाला? पोराला नव्हे, त्याच्या भित्रेपणाला. आपला मार बहुधा आपल्या रागाचा असतो. म्हणून त्यानंतर तेलाची वाटी निघत नाही.

दुसरी खोडी फुलांची. फुले वेचण्यात गावातल्या मुलांची चढाओढ. दुसऱ्यांना मिळू नयेत म्हणून श्याम आदल्या संध्याकाळीच कळ्या खुडून आणी. आईने त्याला समजावले, की बाबा, कळ्यांना झाडावर नीट फुलू द्यावे. देवाच्या पूजेसाठी का होईना, ओरबाडणे ते ओरबाडणेच.

आता पाहा. गोकुळातला लोणी चोरतो तो वाटण्यासाठी. काल्यात सर्वांची शिदोरी एक होते. श्याम कळ्या खुडतो तो दुसऱ्याला मिळू नये म्हणून. खोडीची पारख एवढीच: ती वाटते की अडवते?

आणि येथे आपली मान खाली जाते. पोराने कळ्या अडवल्या. आपण थोरामोठ्यांनी तर देवच अडवला! चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, आणि त्यांच्या बांधवांना शेकडो वर्षे देवळात पाऊल टाकता येईना. विठ्ठल आमचा, तुमचा नव्हे, हीच ती खोडी. फरक इतकाच, की पोराला आई होती. आपल्याला रागे भरायला कोण?

तेच पोर आले. महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मने वळवून, १ मे १९४७ रोजी गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विरोध झाला, तो आपल्या वारकऱ्यांतूनही झाला, हे लपवू नये. १० मेला उपोषण सुटले आणि पुढे विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. विहिरीला भिऊन दडणारे पोर मरणाला भ्याले नाही. लहानपणी कळ्या अडवणाऱ्याने मोठेपणी देव मोकळा केला.

तेव्हा मायबापहो, घरात पोराने खोडी केली तर छडी उचलण्याआधी क्षणभर थांबा. भीती असेल तर ती काढा. लोभ असेल तर त्याला वाटायला शिकवा. नुसता धाक घातलात तर खोडी जात नाही. ती दडते आणि पिकल्या केसांत पुन्हा उगवते. आणि पोराला विचारण्याआधी स्वतःला विचारा: माझ्या ओट्यावर, माझ्या पंगतीत, माझ्या दिंडीत मी कोणाच्या वाट्याची कळी आज खुडून ठेवली आहे?

रामकृष्णहरि.