उरलेले अन्न आणि दान



लग्नसराई आली की उरलेला वरण-भात वृद्धाश्रमात पाठवावा, असे आपल्याला वाटते. भावना चांगलीच आहे. भाकरींच्या चमत्कारानंतर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, बारा टोपल्या भरल्या. पण निर्गमच्या सोळाव्या अध्यायात सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले, हेही आपण वाचतो.

भात शिजला तरी त्यातील काही जंतूंची बीजे मरत नाहीत. सानगडीच्या मे महिन्यात गंजात झाकून ठेवलेल्या भातात ती वाढतात आणि विष तयार होते. ते पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि भाताला वास येईलच असे नाही. तरुण माणूस दोन दिवसांत सावरतो. ऐंशीच्या आजीच्या मात्र जुलाबाने अंगातले पाणी जाऊन जिवावर बेतते.

मग हेतू पुरेसा आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. जे जाणून घेणे शक्य आणि आपले कर्तव्य होते, त्याचे अज्ञान माणसाला दोषमुक्त करत नाही, असे संत थॉमस अक्विनास यांचे मत आहे. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ पासून सरकारी नियमही आहेत.

म्हणून पंगतीआधीच वाटा काढावा, दोन तासांच्या आत गरमच पोहोचवावा, शिजवल्याची वेळ सांगावी. आश्रमातील फ्रिज पाच अंशांवर राहतो का, वीज किती वेळ जाते, हे विचारावे. तिथल्या बाईंनी डबा परत केला तर रुसू नये. कोरडा शिधा त्या आनंदाने घेतील.