भिजलेला रेडिओ

२०२४ च्या पोळ्याला, म्हणजे २ सप्टेंबरला, आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. रात्रभर पाऊस कोसळला आणि ओढ्यानं दुधनेची वाट सोडून गावाची धरली. पूजेसाठी आदल्या दिवशी आणलेले मातीचे बैल विरघळून गेले. खरे बैल दावणीला नाहीतच. ट्रॅक्टरनं शेती करायला लागल्यापासून आमचा पोळा मातीच्याच बैलांचा.

पाणी ओसरल्यावर रानात गेलो. सोयाबीन आडवं, कपाशीनं माना टाकलेल्या. घरी आलो आणि चिखलातून दादांचा रेडिओ उचलला. तिरपा केला तर तांब्याभर गढूळ पाणी निघालं.

दादांनी तो १९७० च्या सुमारास कापूस विकून आणला होता. गावात वीज नव्हती. मोठ्या सेलांवर चालायचा. तेव्हा रेडिओचं लायसन असे, त्याची फी पोस्टात भरावी लागे. ते पुस्तकही या पाण्यात गेलं. ७२ च्या दुष्काळात दादा खडी फोडायला जात, तरी सेलापुरते पैसे बाजूला ठेवत. संध्याकाळी अंगणात पंधरा-वीस माणसं बातम्यांना बसायची. पेरणीआधी बियाण्याला औषध चोळायचं असतं, हे आम्ही पहिल्यांदा परभणी आकाशवाणीवर ऐकलं. आजोबा हसले होते. चोळलं मात्र.

"सोयाबीन नासून चाललं अन् तुमी डबडं पुसत बसलाव," घरातली म्हणाली. "भंगारवाल्याला द्या की."

तिचं चुकत नव्हतं. तरी मी सेलूला एका जुन्या कारागिराकडं गेलो. त्यानं आधी एकच विचारलं, "भिजल्यावर चालू करून पाहिला का?" नाही म्हणालो. "मंग जीव आहे." ओल्यात वीज गेली की जास्त नास होतो, म्हणाला. चिखल वाळून घट्ट व्हायच्या आत नितळ पाण्यानं धुवायचा, मग सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर लाकूड तडकतं. स्पीकरच्या कागदाचा लगदा झाला होता, स्टेशन लावायच्या गँगच्या पात्यांत माती बसली होती. पंधराशे रुपये सांगितले. नाहीतर सहाशेत आतलं सगळं काढून पेनड्राईव्हचं कार्ड बसवतो. वरून तोच दिसंल.

पोराला ते पटलं. मीही घडीभर विचारात पडलो. दादांच्या बैलगाडीचं जू बदललं, साटा बदलला, धावा नव्या घातल्या, तरी आम्ही तिला दादांचीच गाडी म्हणायचो. पण ती शेवटपर्यंत गाडीचंच काम करत होती. पेनड्राईव्हमध्ये आपणच भरलेली गाणी वाजणार. रेडिओतून दुसऱ्याचं बोलणं घरात यायचं, न मागितलेलं, कधी न पटणारंही. ते गेलं तर उरतं नुसतं खोकं. मी पंधराशे कबूल केले, ते हरभऱ्याच्या बियाण्याच्या पैशातून.

घरी सांगितलं तर ती भांडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "सर्जाच्या टायमाला कुठं गेली होती ही माया?"

सर्जा आमचा लाल कंधारी बैल. अकरा वर्षं औत ओढलं त्यानं. २०१२ साली खुराला जखम झाली. डॉक्टर म्हणाले, दोन महिने औषधपाणी करा, बसून खाऊ द्या. मी बोटांवर हिशेब केला. कडबा महाग, कामाला उपयोग नाही. बाजारात नेऊन विकला. कोणी घेतला, कुठं नेला, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. तेव्हा हिशेब बरोबरच वाटला होता, आणि आकड्यानं तो आजही चुकत नाही.

रेडिओ कडबा खात नाही, म्हणून त्याची माया परवडते, असं मनात येतं. आणि हेही येतं की तेव्हा चुकलो म्हणून आता हे डबडंही फेकावं का? त्यानं सर्जाला काय मिळणार?

दिवाळीच्या आधी रेडिओ घरी आला. आवाज पहिल्यासारखा नाही, जरा नाकात बोलतो. रात्री हिंदीतलं कुठलंतरी लांबचं स्टेशन लागतं, मधेच बुडतं, परत वर येतं. ती ऐकत बसते. तिच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि तिनं परत विचारलंही नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी तिनंच तो फडक्यात बांधून माळ्यावर चढवला.