पाकी, विटाळ आणि एक भाकरी

२०२५ साली पहिला रोजा २ मार्चला आला. फाल्गुन नुकताच लागला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी या दिवसांत पहाटे अजून गारवा असतो आणि दुपारी ऊन चटके देऊ लागतं. ज्वारीची काढणी चालू होती, हरभरा खळ्यावर येऊन पडला होता. बांधावरच्या पळसाला पान नव्हतं, नुसती फुलं होती. सहरी करून, फजरची नमाज पढून मी मळ्याकडे निघायचो. मागे शेरू असायचा.

शेरू माझ्या धाकट्या भावाचा. आदल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर भाऊ अल्लाला प्यारा झाला. नोकरीतून मोकळा झालेला मी पत्नीला घेऊन गावी आलो. शेत आलं, विहीर आली, बँकेचं कर्ज आलं, आणि त्यांच्या सोबतीनं हा कुत्राही आला. जमिनीच्या वाटण्या होतात. कुत्र्यावर कुणी हक्क सांगत नाही.

माझी पत्नी रत्नागिरीकडची. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई मजहबचे, आम्ही घाटावरचे बहुतेक हनफी. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण हा फरक आमच्या घरात कधी आडवा आला नव्हता. तो शेरूमुळे आला. हनफींच्या मते कुत्र्याची लाळ नापाक, अंग नव्हे. शाफईंच्या मते ओला कुत्रा अंगाला लागला तरी तेवढी जागा सात वेळा धुवायची, त्यातलं एक धुणं मातीनं. मी पहिल्याच आठवड्यात तिच्यापुढे किताबं मांडली. इमाम मालिक यांच्या मजहबात जिवंत कुत्रा पाकच धरतात, हे सांगितलं. शिकारीसाठी, गुरांसाठी, शेताच्या राखणीसाठी कुत्रा पाळायला हदीसनं मोकळीक दिली आहे, हेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही तुमचं बघा. मी माझ्या पद्धतीनं धुणार."

मला वाटलं, झालं, आता हा मुका जीव उपाशी मरणार.

घडलं ते वेगळंच. भाकरी थापायला ती इथे येऊनच शिकली. माहेरी तांदळाची भाकरी, इथे मालदांडीची. सहरीला पिठलं, शेंगदाण्याची चटणी, दूध-भाकरी. इफ्तारीला नव्या हरभऱ्याची उसळ, वरून लिंबू आणि कच्चा कांदा. या सगळ्यात शेरूला मी काय घालत होतो? परवाची वाळलेली भाकरी, आंबूस कालवण, उसळीचा खरवडा. उरलंसुरलं कुत्र्याचं, यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नव्हतं. एके दिवशी तिनं माझ्या हातातलं भांडं थांबवलं. कांदा कुत्र्याला बाधतो, हे तिला जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दिवसापासून ती एक भाकरी जास्त थापू लागली. ताकात कुस्करून, बिनकांद्याची, त्याच्या जर्मनच्या ताटलीत. ताटली परत आली की सात पाणी, एक मातीचं. न चुकता.

मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "एवढं धुतेस, मग एवढं करतेस कशाला?"

"धुणं माझ्या नमाजीसाठी आहे," ती म्हणाली. "भूक त्याची आहे. दोन्हीचा काय संबंध?"

मजहबांची तुलना करणारा मी त्याला शिळं घालत होतो, आणि कडक नियम पाळणारी ती ताजं घालत होती.

पाकीचा नियम नेमका कुणासाठी आहे, हा प्रश्न मला त्यानंतर सुटेना. कुराणातल्या सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या ईमानदार तरुणांची हकिकत आहे. त्यांचा कुत्रा पुढचे पाय पसरून दाराशी बसलेला आहे. ते किती होते यावर लोकांचा वाद चालतो, तेव्हा प्रत्येक मोजणीत कुत्राही धरलेला आहे. तहानेनं जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पायताणातून पाणी आणून पाजणाऱ्याचे गुनाह माफ झाले, ही हदीस तर आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ज्या परंपरेनं लाळ धुवायला सांगितली, तिनंच हेही सांगितलं. धुण्याचा हुकूम माझ्या हातासाठी आहे, माझ्या भांड्यासाठी आहे. समोरच्या जिवाची किंमत त्यात कुठेच ठरवलेली नाही. आपण मात्र त्या हुकमाचा दगड केला आणि तो मशिदीच्या वाटेवर दिसेल त्या कुत्र्याला मारला.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मशिदीत इफ्तारीसाठी उसळीचं पातेलं पाठवलं. तो होळीचा दिवस होता, १३ मार्च. शेजारच्या घरून पुरणपोळ्याही आल्या होत्या, त्याही दिल्या. पुरणपोळ्या संपल्या. उसळीची वाटी मात्र एका गृहस्थांनी हळूच बाजूला सारली. कुणाला दिसू नये असं, पण मला दिसेल असं. "कुत्र्याचं घर आहे," असं ते शेजाऱ्याला पुटपुटले.

मला राग आला. मगरिब कशी पढली ते आठवत नाही. ताटली वेगळी, पातेलं वेगळं, सात पाणी, सगळं ओरडून सांगावंसं वाटलं. घरी येताना अंधारात शेरू वाटेवर उभा होता. त्याच्यामागून चालताना मला अचानक एक कप आठवला.

कान तुटलेला, पांढरा, निळ्या काठाचा. आमच्या ओसरीच्या कोनाड्यात असायचा. विहिरीचा गाळ काढायला गावकुसाबाहेरचा एक माणूस येई. आजी त्याला त्या कपात वरून चहा ओतायची. तो पायरीखाली बसून प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पालथा ठेवायचा. आजी पाच वक्ताची नमाजी, हाताची सढळ. तिला कधी कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही, की हा कप कुठल्या किताबातला? विचारलं असतं तर ती म्हणाली असती, गावाची रीत आहे.

आपल्या दीनमध्ये नापाकी आहे, पण ती लागते आणि धुतली जाते. माणसाचं उष्टं पाक असतं, मग तो कुठल्याही जातीचा, कुठल्याही धर्माचा असो. हे फिकहचं पहिल्या पानावरचं शिक्षण. विटाळ मात्र जन्मानं येतो आणि पाण्यानं जात नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मनाई नव्हती, माणसांना होती. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतलं, तेही याच दिवसांत. आपण मुसलमान, आपल्यात अस्पृश्यता नाही, असं आपण व्यासपीठावरून सांगतो. माझ्या घरच्या कोनाड्यात ती होती. शेजाऱ्याकडून विटाळ घेतला आणि त्याला पाकीचं नाव दिलं, एवढंच आपण केलं. वाटी सारणाऱ्या त्या गृहस्थांनीही दुसरं काय केलं? कुत्र्याचा नियम त्यांनी माणसाच्या घराला लावला.

कुत्र्याची भीती खोटी नाही, हेही सांगायला हवं. पिसाळलेला कुत्रा चावला आणि वेळेवर लस मिळाली नाही तर माणूस वाचत नाही. लहान मुलांच्या आया दगड उचलतात तेव्हा त्यांना नावं ठेवायला मी धजणार नाही. म्हणूनच शेरूला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन लस टोचून आणली. जीव पाळायचा तर त्याची जबाबदारीही पाळावी लागते. पण भीती वेगळी आणि किळस वेगळी. भीतीवर इलाज करता येतो. किळस आपण धर्म म्हणून जपून ठेवतो.

त्या वर्षी पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ला आली. ईदला ते गृहस्थ आले. गळाभेट झाली. शीरखुर्म्याची वाटी पुढे केल्यावर त्यांनी आधी पायरीकडे पाहिलं. शेरू पुढचे पाय पसरून बसला होता. त्यांनी एक चमचा घेतला आणि वाटी ठेवली. मी काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकार मला होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाळ काढणारा तो माणूस केव्हाच गेला. कप कुठे गेला ते आठवत नाही. आमच्या घरात कुणी तो मुद्दाम फोडला नाही, एवढं नक्की. शेरूची ताटली सात पाण्यांनी पाक होते. त्या कपासाठी किती पाणी लागेल, हे मी कुठल्या आलिमला विचारू?