डिंकाचा भाव

आमच्या घरी कांदा, बटाटा, गाजर, मुळा येत नाही. कंदमुळात अनंत जीव असतात, म्हणून ते वर्ज्य. कारण कळायच्या आधीपासून हे अंगवळणी पडलेलं. पण थंडी पडली की डिंकाचे लाडू होतात, आणि घरात बाळंतीण असेल तर ते हवेतच. डिंकाबद्दल कधी कुणी शंका काढली नाही. झाड आपणहून गाळतं, आपण वेचून आणतो, यात हिंसा कसली, असं मीही म्हणत आले.

देडतलाईच्या बाजारात हे म्हणणं डळमळलं. बऱ्हाणपूरहून धारणीकडे जाताना हे गाव लागतं. भोवती सातपुड्याचं रान: साग, सालई, धावडा. एक कोरकू आजी गोणपाटावर धावड्याचा डिंक मांडून बसल्या होत्या. मी सवयीप्रमाणे भाव पाडायला लागले. बरंच ओढून-ताणून सौदा जमला, आणि मग सहज विचारलं, "आजी, झाडाला काही होत नाही ना?"

"वरवर तासलं तर भरून येतं, बाई. खोल गेलं तर मरतं." डिंक तोलता तोलता त्या म्हणाल्या, "पण लगेच कळत नाही. पावसात पानं फुटतात, आपल्याला वाटतं वाचलं."

खोल म्हणजे नेमकं किती? घरी येऊन शाळेतलं वनस्पतिशास्त्र पुन्हा उघडलं. सालीचा बाहेरचा खरखरीत थर मेलेल्या पेशींचा असतो. त्याच्या आत जिवंत साल. पानांत तयार झालेली साखर खाली मुळांपर्यंत नेणाऱ्या रसवाहिन्या तिच्यात असतात. त्याच्याही आत विभाजी ऊतींचा एक थर, कॅम्बियम, अगदी कागदासारखा पातळ. तो बाहेरच्या अंगाला नवी साल करतो, आतल्या अंगाला नवं लाकूड. खोड जाड होतं ते त्याच्यामुळे. मग लाकूड, आणि लाकडात मुळांचं पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या.

खोडाभोवती बोटभर रुंदीचं कडं काढून साल सोलली तर काय होतं? सतराव्या शतकात इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघीने हे करून पाहिलं. कड्याच्या वरची साल फुगून आली, कारण खाली जाणारं अन्न तिथेच अडलं. लाकूड शाबूत, म्हणून पाणी चढत राहतं आणि पानं हिरवी राहतात. पण मुळं उपाशी पडतात. ती थकली की पाणीही थांबतं. म्हणजे असं झाड खालून मरायला लागतं, आणि वर पाहणाऱ्याला ते फार उशिरा कळतं. आजींना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

याहून मोठा धक्का जलवाहिन्यांनी दिला. वनस्पतीही माणसासारखीच जन्मते, वाढते, तोडली की कोमेजते, असं आपल्या आचारांगात सांगितलं आहे. प्रवचनात त्याच्या जोडीला जगदीशचंद्र बोस यांचं नाव हमखास येतं. मीही ते अनेकदा घेतलं आहे. बोसांचं म्हणणं होतं की झाडातल्या जिवंत पेशी स्पंदन पावून पाणी वर ढकलतात. 1923 साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. मला ते फार आवडायचं, जणू झाडाला हृदयच मिळालं! पण त्याच्या आधी, 1890च्या दशकात, जर्मनीत एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी उंच झाडांचे कापलेले बुंधे विषारी द्रावणात उभे केले होते. वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिलं. 1894 मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी उलगडा केला: पानांतून पाण्याची वाफ होते, पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, म्हणून अख्खा धागा वर ओढला जातो. आज शास्त्र हेच मानतं. शिवाय जलवाहिनीच्या पेशी या कामाला लागतात त्या मेल्यावरच, आतून रिकाम्या झाल्यावर. वनस्पती उत्तेजनेला प्रतिसाद देतात हे बोसांनी दाखवलेलं टिकलं, पाण्याचा पंप मात्र टिकला नाही.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. मग लक्षात आलं की धर्माला त्या पंपाची गरजच नव्हती. उलट एक गोष्ट स्पष्ट झाली. लाकडाचा बराचसा भाग मेलेल्या पेशींचा, आणि ज्याच्यावर वाढ अवलंबून तो थर कागदाएवढा. हाताएवढी फांदी तोडली तर झाड जगतं, बोटभर कडं पूर्ण फिरलं तर जातं. तेव्हा किती घेतलं यापेक्षा पातं कुठे थांबलं, हे विचारायला हवं.

आणि पातं कुठे थांबेल, हे कोण ठरवतं? पाठशाळेच्या भिंतीवर सहा लेश्यांचं चित्र असायचं. सहा भुकेली माणसं जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिला ते मुळापासून तोडायला निघतो, दुसरा खोडापासून, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा झाडावरची फळं, सहावा खाली पडलेली फळं उचलतो. डिंक खाताना मी स्वतःला सहावी समजत होते. पण डिंक म्हणजे पडलेलं फळ नव्हे. झाडाच्या जखमेतून तो पाझरतो, सुकतो आणि जखम झाकतो. शिवाय चित्रातले सहाही जण स्वतः झाडापाशी गेले होते. मी बाजारात उभी होते, पातं दुसऱ्याच्या हातात होतं.

आपल्याकडे यालाही शब्द आहेत: कृत, कारित, अनुमत. केलेलं, करवलेलं, संमती दिलेलं. तिन्हींचं कर्म लागतं. किलोमागे दहा-वीस रुपये मी पाडले, तर तेवढे भरून काढायला कुणीतरी आणखी एक खाच पाडणार, किंवा तीच खाच आणखी खोल नेणार. तोंडाने मी शुक्ल लेश्येचा प्रश्न विचारला, पण त्याआधीच भाव पाडून बसले होते.

मग डिंकच सोडावा? सोपं आहे, पण स्वच्छ नाही. आजींचा उन्हाळ्यातला पैसा जाईल, आणि ज्या झाडाचा डिंक विकत नाही त्याची किंमत फक्त लाकडापुरती उरेल. याच जिल्ह्यात नेपानगरचा कारखाना 1956 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. वृत्तपत्राचा कागद करणारा तो देशातला पहिला. या रानातली सालई आणि बांबू त्याच्या लगद्यात गेले. लिहिणारीने कागदाकडे बोट दाखवताना जपून दाखवावं!

नुसता जास्त भाव देऊनही भागत नाही, भाव चढला की लोभही चढतो. म्हणून दोन्ही एकत्र हवं: गरज कमी करायची, आणि जे घेऊ त्याचं मोल पुरतं द्यायचं. अपरिग्रहाचा अर्थ मला असा, गोणपाटासमोर उभी राहिल्यावर समजला.

यंदा डिंक निम्मा आणला, आजींनी सांगितलेल्या भावाने. लाडू कमी झाले, कुणाचं काही अडलं नाही. आणि "झाडाला काही होत नाही ना?" हे आता मी भाव ठरायच्या आधी विचारते.