परक्या जगातली अमानत

मुलांच्या हातातला मोबाइल गेम पाहिला की बारामती-इंदापूरकडची आम्ही वडीलमंडळी कपाळाला आठ्या घालतो. वेळ वाया जातो ही आमची तक्रार, आणि तीत तथ्य आहेच. पण गेमच्या आत शिरून सिनेमा काढणारी माणसेही जगात आहेत. गेममधले रस्ते हेच नेपथ्य, तिथले बाहुले हेच नट. या प्रकाराला 'मशिनिमा' म्हणतात. १९९६ साली 'क्वेक' या गोळीबाराच्या गेममध्ये काढलेली 'डायरी ऑफ अ कॅम्पर' ही त्यातल्या आरंभीच्या फिल्मांपैकी एक. प्रश्न असा पडतो, की दुसऱ्याने रचलेल्या जगात आपण खरी गोष्ट सांगू शकतो का?

२७ ऑक्टोबर २००५ रोजी पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वा येथे पोलिसांना चुकवत झिएद बेन्ना (१७) आणि बुना त्राओरे (१५) ही मुले विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि धक्का बसून मरण पावली. दोघेही स्थलांतरित मुस्लीम कुटुंबांतले. त्यानंतर उपनगरे पेटली. बातम्यांत जळत्या गाड्या दिसत होत्या, तिथल्या तरुणांचे रोजचे जगणे मात्र फारसे दिसत नव्हते. तेव्हा अॅलेक्स चॅन या चिनी वंशाच्या फ्रेंच तरुणाने त्याच नोव्हेंबरात 'द मूव्हीज' या गेमच्या साहाय्याने 'द फ्रेंच डेमॉक्रसी' ही सुमारे १३ मिनिटांची फिल्म तयार केली. गेममध्ये पॅरिसची उपनगरे नव्हतीच, म्हणून मिळेल त्या अमेरिकी देखाव्यांवर त्याने भागवले.

आपल्याला याचे नवल वाटू नये. तमाशाच्या वगात पात्र बोर्डावर एक फेरी मारते आणि दुसऱ्या गावाला पोहोचते. आपल्याला फसवले असे कोणी प्रेक्षक म्हणत नाही, कारण दोघांमधला करार उघड असतो. देखावा परका असला म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही.

धोका आहे तो वेगळ्याच ठिकाणी. चॅनच्या फिल्ममधले तरुण कल्पित आहेत. त्यांची अडवणूक होते, अपमान होतो आणि शेवटी ते जाळपोळीकडे वळतात. कारण दाखवणे म्हणजे जाळपोळीला माफी देणे नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. पण झिएद आणि बुना तर दंगल सुरू होण्यापूर्वीच गेले होते. कल्पित पात्रांचे कृत्य प्रेक्षकाच्या मनात त्यांच्या नावावर चढले, तर ते खुलासा करायला येणार नाहीत. सांगणाऱ्याची नियत साफ असेल, पण तेवढ्याने भागत नाही. दुसऱ्याची कहाणी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत असते.

हा प्रश्न पॅरिसपुरता नाही. उजनी धरणाच्या पाण्यात आपल्या इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची गावठाणे गेली. पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर तेवढे उघडे पडते. उद्या आपल्यातली एखादी मुलगी 'माइनक्राफ्ट'मध्ये ठोकळ्यावर ठोकळा रचून एखादे बुडालेले गाव उभे करील आणि त्यात फिल्म काढील. विहीर चार पावले इकडे की तिकडे, हे चुकले तरी चालेल. पण गाव सोडणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी ती कोणते शब्द घालते, ते चुकून चालणार नाही.

हाडामांसाचा नट निदान अडून बसतो. 'आमची माणसं असं बोलत नाहीत' म्हणून सांगतो. बाहुला नाही म्हणत नाही. त्याला हसवा, रडवा, कुणाच्याही पाया पडायला लावा, तो निमूट करतो. युद्धाच्या कित्येक गेममध्ये अरबी पेहरावाचा माणूस केवळ नेम धरण्यापुरताच उभा केलेला असतो, तोही तक्रार करीत नाही. म्हणून या कलेत नकार देण्याचे काम दिग्दर्शकाला स्वतःच करावे लागते.

तेव्हा मुलांच्या हातून मोबाइल काढून घेण्याआधी आपण त्यांना एवढे तरी सांगावे : जग परके घ्या, हरकत नाही. पण ज्यांची गोष्ट आहे, त्यांच्या उंबऱ्यावर आधी जा, त्यांचे ऐका, आणि तयार झालेली फिल्म सर्वांत आधी त्यांना दाखवा. ते 'हे असं नव्हतं' म्हणाले, तर बदलण्याची तयारी ठेवा.