प्रतिनियुक्ती संपल्यावर

मयूर विहारात राहणाऱ्या आम्हां मराठी कारकुनांस राज्याची सीमा ओलांडणे ही नित्याची गोष्ट आहे. चिल्ल्याचा नाका मागे पडला की दिल्ली संपते आणि नोएडा, म्हणजे उत्तर प्रदेश, सुरू होतो. मतदारांस पैसे वाटण्याचा गुन्हा नाक्याच्या अलीकडे घडला तर तपास केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अधीन असलेले पोलीस करतात. पलीकडे घडला तर लखनौच्या सरकारचे पोलीस. कायदा मात्र दोहोंकडे एकच : पूर्वी भारतीय दंडसंहितेचे नववे-अ प्रकरण, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची १६९ ते १७७ ही कलमे. मग खटला चालविणारा हात कोणाचा असावा? हा प्रश्न वरवर कायद्याचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

प्रतिनियुक्ती हा शब्द आम्हां सरकारी नोकरांच्या विशेष परिचयाचा. १९८९ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात २८-अ हे कलम घालण्यात आले. त्यानुसार निवडणुकीच्या कामावरील अधिकारी व त्यासाठी नेमलेले पोलीस अधिकारी हे अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंत निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले जाते. निकाल लागला की प्रत्येक जण आपापल्या धन्याकडे परततो. परंतु गुन्ह्याचा तपास बहुधा तेव्हा कोठे सुरू होत असतो. आणि ज्याच्यावर आरोप, तोच विजयी होऊन धनी होण्याचाही संभव असतो.

काही वर्षांपूर्वी एका निवडणुकीत आम्ही मतदान अधिकारी होतो. एका उमेदवाराच्या प्रतिनिधीने नियमाप्रमाणे दोन रुपये भरून एका मतदाराच्या ओळखीस हरकत घेतली. चौकशीत तो तोतया निघाला. केंद्राध्यक्षांनी लेखी तक्रारीसह त्यास पोलिसांच्या हवाली केले. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करताना आमचा हात किंचित थरथरला, कारण तो मनुष्य कोणाचा, हे तेथे सर्वांस ठाऊक होते. हरकतीचे दोन रुपये त्याच दिवशी परत केले गेले. साक्षीचे बोलावणे मात्र आम्हांस कधीच आले नाही. खरे सांगावयाचे तर त्याचे दुःख होण्यापूर्वी आम्हांस सुटल्यासारखेच वाटले होते.

यावर पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते : कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण दूरच्याने करावी, असे खटले स्थानिक सत्तेच्या हातून काढून वरिष्ठ सत्तेकडे द्यावेत. परंतु दिल्लीत राहणाऱ्याचे एवढ्याने समाधान होत नाही. येथील पोलीस केंद्राचेच, आणि केंद्रात सत्तेवर असलेला पक्षही येथील निवडणुकीच्या रिंगणात असतोच. दूर असणे म्हणजे निःपक्षपाती असणे नव्हे. उलट गल्ली, माणसे आणि त्यांचे परस्परसंबंध ज्यास ठाऊक आहेत, त्या ठाण्यावाचून पुरावा हाती लागत नाही, हेही तितकेच खरे.

येथे महाराष्ट्रातील एक प्रकरण आठवते. विलेपार्ले मतदारसंघाच्या डिसेंबर १९८७ मधील विधानसभा पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. धर्माच्या नावावर मते मागितली गेली, या आक्षेपावर पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे उच्च न्यायालयात गेले. १९८९ मध्ये निवड रद्द झाली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्या दिवशी मुंबईत शिवसेना-भाजप युतीचेच सरकार होते. तरी निर्णय अडला नाही. कारण भ्रष्ट आचरणाची याचिका कोणत्याही ठाण्यातून जात नाही. मतदार वा उमेदवार ती थेट उच्च न्यायालयात करतो. न्यायालयाच्या अनुमतीवाचून ती मागेही घेता येत नाही, आणि अर्जदाराने माघार घेतली तर दुसरा त्याच्या जागी उभा राहू शकतो. आठ वर्षे लागली, हा दोष खराच. परंतु त्या आठ वर्षांत दाराची कडी सरकारच्या हाती नव्हती.

यावरून आम्हांस असे वाटते की, खटला कोण सुरू करतो यापेक्षा तो कोणास थांबविता येतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आमदार-खासदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या अनुमतीवाचून मागे घेऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. दिशा हीच. परंतु माघार नेहमी अर्ज करूनच घेतली जाते असे नाही. साक्षीदारास न बोलावणे, फाईल कपाटात राहू देणे, हीही माघारच. आणि तिला कोणाची अनुमती लागत नाही. म्हणून ठाणे स्थानिकच असावे. मात्र तपास अधिकाऱ्याची प्रतिनियुक्ती निकालाच्या दिवशी न संपता त्या निवडणुकीतील शेवटचा खटला निकाली निघेपर्यंत चालावी, आणि तोवर त्याने जाब आयोगास द्यावा.

हे लिहिताना आमचे आम्हांसच एक विचारावेसे वाटते. बोलावणे आले नाही, हे खरे. पण त्या तक्रारीचे पुढे काय झाले, हे विचारावयास आम्ही तरी कोठे गेलो? आमचीही प्रतिनियुक्ती निकालाबरोबर संपली होती. सही मात्र त्या कागदावर आमचीच आहे.